आईगंबाई

माझी काकू पडदे शिवायची. एका मोठ्या हॉलमध्ये मोटर लावलेल्या मशिनींची रांग होती आणि खिडकीच्या बाजूची शेवटची मशीन तिची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, नाटकगृहांचे जाडजूड पडदे तिथे तयार होत. कापड इतकं जड की एक बाजू शिवताना बाकीचं सगळं मांडीवर आणि पायांवर पडलेलं असायचं. काकू त्यात कमरेपर्यंत बुडून बसायची आणि वर गप्पा चालू. एकदा मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. शेजारणीला भोवळ आली. काकूने पकडीने सुई ओढून काढली, बोटाला चिंधी गुंडाळली, शेजारणीला पाणी पाजलं आणि हातातला पडदा पुरा करून मगच उठली. हे मला कारखान्याच्या मालकिणीने सांगितलं, तेही खूप नंतर. आमच्या घरात ही गोष्ट कधी कुणी सांगितली नाही. आमच्या घरात काकूची एकच गोष्ट सांगितली जायची, आणि ती ऑपरेशनची.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, काका-काकू खाली. आईला आणि काकूला एकाच सुमाराला गर्भाशयात गाठी निघाल्या. आईच्या जुन्या, काकूच्या नव्या, पण डॉक्टरांनी दोघींनाही पिशवी काढून टाकायला सांगितली. बाबा आणि काका यांनी डोकी एकत्र केली आणि ठरवलं की दोघींचं एकाच दिवशी उरकून घ्यावं. रजा एकदाच काढायची, धावपळ एकदाच करायची. मदतीला आत्या आली. आत्या म्हणजे बाबा आणि काका या दोघांची थोरली बहीण. तिचा जीव मोठा होता आणि जीभ त्याहून मोठी.

"वॉशिंग मशीन घ्यायची म्हटलं तर ह्या दोघींचं एका रंगावर एकमत झालं नसतं," ती म्हणाली, "आणि पोटं मात्र जोडीने कापून घेताहेत."

सरकारी दवाखाना होता. डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारे तिथे काम करत. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या एक तरुण डॉक्टर वॉर्डात आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खिशात चार पेनं. मी तिथेच होते. त्यांनी दोन खाटांच्या मधे उभं राहून दोघींना समजावलं.

"उद्या तुमच्या कमरेत इंजेक्शन देणार. कमरेखालचं सगळं बधिर होईल, तुम्ही जाग्या राहाल. त्या औषधात आणखी एक औषध अगदी थोडं मिसळतात, म्हणजे ऑपरेशन झाल्यावरही काही वेळ दुखत नाही. अशी दोन औषधं आहेत. दोन्ही आम्ही नेहमी वापरतो. त्यातलं कोणतं जास्त वेळ टिकतं, ते मला बघायचंय. कुणाला कोणतं द्यायचं ते चिठ्ठीवर ठरेल. सिरिंज दुसरे डॉक्टर भरून देतील. मलाही कळणार नाही."

"तुम्हालाच कळणार नाही?" आई घाबरली.

"कळलं तर माझं मन एकीकडे झुकेल ना. मग तुमचं दुखणं मी सरळ नजरेने मोजू शकणार नाही."

काकू हसली. "म्हणजे सोडतच की. लागली तर लागली." तिने सही केली. तिच्याकडे बघून आईनेही केली. आत्या तेव्हा खाली चहा प्यायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी आईला आधी नेलं. बाहेर आणली तेव्हा ती अर्धवट झोपेत होती, चेहरा धुतल्यासारखा शांत. कसं वाटतंय विचारलं तर "छान" म्हणाली आणि परत डोळे मिटले. काकूला मागून नेलं. ती बाहेर आली ती बोलतच. आत सगळं ऐकू येत होतं, सर्जन आपल्या मुलाच्या शाळेबद्दल बोलत होते, वगैरे. बोलता बोलता नाक खाजवत होती. नाक, मग गळा, परत नाक.

"नाक कसलं खाजवतेस?" आत्या म्हणाली. "ऑपरेशन पोटाचं झालंय."

दुपार झाली, भेटायला येणारे आत शिरले, वॉर्ड माणसांनी भरला. काकूचं बोलणं हळूहळू तुटायला लागलं. मग थांबलं. तिचा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर गेला.

"ताई, दुखायला लागलंय."

"दुखणारच," आत्या म्हणाली. "पोट कापलंय, केस नाही कापले."

काकूने ओठ दाबून धरले. थोडा वेळ गेला. सिस्टर पलीकडच्या बाईच्या सलाईनपाशी अडकली होती, ती तिथूनच "डॉक्टरांना कळवते" म्हणाली. आणि मग काकूच्या तोंडून निघालं, "आईगं!" एकदा निघालं ते थांबेना. "आईगं... आईगं..." वॉर्डातली माणसं माना वळवून बघायला लागली. शेजारच्या खाटेवर आई झोपली होती, तोंडावर माशी बसली तरी उठणार नाही अशी.

आत्या आईकडे बघायची, मग काकूकडे. "अगं, तिला तुझ्या आधी कापलंय. तीच चीर, तेच टाके. बघ तिच्या तोंडून शब्द निघतोय का!"

भूलवाल्या डॉक्टर धावत आल्या. "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे. किती आहे?"

"नऊ," काकू दातांतून म्हणाली. "नाही, साडेनऊ धरा."

"शाळेत कधी एवढे मार्क पडले नसतील," आत्या म्हणाली आणि आजूबाजूचे हसले. काकासुद्धा हसला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मग आईला हलवून विचारलं, तुमचं किती? आईने एक डोळा उघडून सांगितलं, "शून्य." आत्याने असा चेहरा केला जणू घरात कुणाला पदक मिळालं.

दुखणं जरा उतरल्यावर काकूने डॉक्टरांना विचारलं, "बाई, आम्हा दोघींना वेगवेगळं औषध मिळालंय का हो?"

"असू शकेल. खरंच मला माहीत नाही. अभ्यास संपेपर्यंत ते बंदच असतं."

डॉक्टर गेल्यावर आत्या म्हणाली, "टोचणारी एक, खोली एक, दवाखाना एक. आता औषधावर ढकल."

त्या एका दुपारीने आमच्या घरातल्या दोन बायकांचं नशीब ठरलं. अतिशयोक्ती वाटेल, पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आत्याने ही गोष्ट फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितली, मग प्रत्यक्ष भेटतील तसतशी सांगितली. प्रत्येक वेळी काकू जरा जास्त ओरडायची आणि आई जरा जास्त गप्प असायची. काकूचं नाव पडलं आईगंबाई. आई झाली "आमची लोखंडाची".

आईबद्दल एक सांगायला हवं. तोवर तिला कुणी काही म्हणतच नसे, चांगलं ना वाईट. काकू हसरी, बोलकी, चार लोकांत उठून दिसणारी. आई भिंतीच्या रंगासारखी. बाबा तिच्याशी बोलायचे ते "चष्मा कुठेय" एवढंच. आणि आता लोक तिला बघायला यायचे. बाबा पाहुण्यांसमोर "हिचं धैर्य" असं म्हणायचे. घरातलं काही ठरवायचं असलं की आत्या म्हणायची, "मोठीला विचारा, तिला दम आहे." आई ताठ चालायला लागली. तिचा आवाजसुद्धा बदलला.

काकू आधी हसण्यात सामील व्हायची. स्वतःच नक्कल करून दाखवायची. पण काकाने तो धागा सोडलाच नाही. इस्त्रीचा चटका बसला, "आली आईगंबाई." दाढ सुजली, "आता वॉर्ड गोळा होणार." कारखान्यात डबा पोचवायला गेला तर तिथल्या बायकांनाही त्याने ती गोष्ट ऐकवली. काकूने हळूहळू बोलणं कमी केलं. मग दुखण्याबद्दल बोलायचंच बंद केलं. दाढ काढून आली आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे पाहुण्यांना वाढायला उभी राहिली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला ते पटलं. मला म्हणायची, "मी आहेच गं नाजूक. तुझ्या आईसारखी छाती नाही माझी."

अशी बरीच वर्षं गेली.

मग एकदा तिचं पोट दुखायला लागलं. कळ यायची, जायची, परत यायची. पोट फुगलं. जेवताना तिने काकाला सांगितलं, "आज पोटात फार ओढ लागलीय. डॉक्टरकडे जाऊया का?"

"झालं का सुरू?" काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "गॅस असेल. ओवा खा."

काकूने ताट उचललं, धुतलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही गेली. आईला जिन्यात भेटली तेव्हा आईने विचारलं होतं, "तोंड असं का उतरलंय?" त्यावर काकू "काही नाही" म्हणाली. कारखान्यात संडासात ती हिरवी उलटी करत असताना मालकिणीने तिला पाहिलं, कपाळाला हात लावला आणि स्वतःच्या गाडीत घालून थेट त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. आम्हाला फोन तिने केला.

पहिल्या ऑपरेशननंतर पोटातले भाग काही ठिकाणी एकमेकांना चिकटले होते. त्यात आतडं अडकून पिळलं गेलं होतं आणि काळं पडलं होतं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "बराच भाग काढावा लागला. आधी आणलं असतं तर वाचला असता. इतके दिवस थांबलात कसे?"

"ती काही बोललीच नाही," काका म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला खरंच तसं वाटत होतं.

ऑपरेशनच्या आधी भूल द्यायला ज्या डॉक्टर आल्या, त्या त्याच होत्या. आता केस पिकले होते, हाताखाली शिकणारे होते, आणि खिशात एकच पेन. काकूने त्यांना ओळखलं नाही. ती धापा टाकत एवढंच म्हणाली, "बाई, मला दुखणं सोसत नाही. आधीच सांगून ठेवते."

"हे पोट घेऊन तुम्ही कामावर जात होतात," डॉक्टर म्हणाल्या. "सोसत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तेव्हा बोलायला वेळ नव्हता. पूर्ण भूल देऊन तिला आत नेलं.

पण त्यांच्या डोक्यात ते वाक्य राहिलं असावं. काकू जरा उठून बसायला लागली तेव्हा त्या वॉर्डात आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. मी आणि आई तिथे होतो. काकूने सगळं सांगितलं, अगदी हसतखेळत: तेच ऑपरेशन, तोच दिवस, जाऊबाई गप्प आणि मी वॉर्ड डोक्यावर घेतला.

"कमरेतल्या इंजेक्शनचा अभ्यास? दोन औषधांचा?" डॉक्टर पुढे सरकल्या. "तो माझाच होता." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी खाज सुटली होती का? नाकाला?"

"हो. हिच्या आत्याने त्यावरूनही बोलून घेतलं."

"आणि ह्यांना?" त्यांनी आईकडे बोट केलं. "ह्यांना झोप येत होती?"

"मेल्यासारखी झोपली होती," काकू म्हणाली.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. एका औषधाचं नाव फेंटानिल. ते चांगलं, पण लवकर उतरतं, आणि त्याने खाज सुटते. विशेषतः नाकाला. दुसऱ्याला डॉक्टर लोक डेक्स म्हणतात. त्याने गुंगी येते आणि दुखणं थेट संध्याकाळपर्यंत लांब राहतं. "कागद न बघता शपथेवर नाही सांगणार, पण मला शंका नाही. तुम्हाला पहिलं मिळालं, ह्यांना दुसरं. पहिलं मिळालेल्या जवळजवळ सगळ्या बायका दुपारी कळवळल्या होत्या. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत. फरक मोठा होता. आमच्याकडे त्यावर व्याख्यानसुद्धा झालं माझं."

काकूने चादरीचा काठ बोटांनी दुमडला, परत उलगडला. मग म्हणाली, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"अभ्यास संपल्यावर."

"मग आम्हाला का नाही कळवलंत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कुणाला काय मिळालं हे सांगायला आम्ही परत बोलावत नाही. कुणी विचारायलाही येत नाही. तुम्ही बऱ्या होऊन घरी गेलात, एवढंच आम्हाला माहीत."

"मी बरी होऊन घरी गेले," काकूने ते वाक्य नुसतं परत म्हटलं.

आई उठली. "चहा आणते," म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही. डॉक्टरही गेल्या. मग काकू मला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सगळे घरी गेलात ना, त्यानंतर तुझ्या आईचंही औषध उतरलं. उशी तोंडात धरून रडत होती. मीच सिस्टरला हाक मारली. वहिनी म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

"इतकी वर्षं?"

"मला वाटलं, कधीतरी तीच सांगेल."

घरी येऊन मी सगळ्यांना औषधांचं सांगितलं. काका "असं होय" म्हणाला. आत्या म्हणाली, "औषधाचं निमित्त गं. शेवटी ज्याचं त्याचं अंग असतं." आईला मी एकटीला गाठून म्हटलं की आता तू एकदा सगळ्यांसमोर बोल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आता बोलून तिचं आतडं परत येणार आहे का?" एवढंच म्हणाली.

काकू घरी आली ती निम्मी होऊन. खाल्लेलं अंगी लागेना, दिवसातून कितीदा तरी संडासाकडे धावावं लागे. त्या दिवसांत बाबा निवृत्त झाले आणि घरी जेवण ठेवलं, त्यांच्या ऑफिसातली माणसं बायकामुलांसह आली. काकू वाटीभर सूप घेऊन कोपऱ्यात बसली होती. बोलता बोलता कुणाच्या तरी ऑपरेशनचा विषय निघाला. मला वाटलं, नाही, आज तरी नाही. पण आत्याच्या अंगात आलंच.

"आमच्याकडे तर जोडीने झाली होती ऑपरेशनं! ही बघा लोखंडाची, आणि ती आमची आईगंबाई..." आणि तिने सगळी गोष्ट सांगितली, आवाजासकट, मार्कांसकट. लोक पोट धरून हसले. आई ताटात बघत होती.

माझ्याने राहवलं नाही. "आईपण रडली होती," मी मोठ्याने म्हटलं. "संध्याकाळी. उशी तोंडात धरून. औषध वेगळं होतं म्हणून दुपारी गप्प होती."

सगळे आईकडे वळले. बाबाही. काकूने सुपाची वाटी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. ते बघणं आई विसरली असेल असं मला वाटत नाही.

"मी?" आई म्हणाली. "छे गं. तुला कुणी सांगितलं असलं काही?"

कुणीतरी खोकलं, कुणीतरी पाणी मागितलं. काकू उठली, कोपऱ्याकोपऱ्याने दारापर्यंत गेली आणि चप्पल घालून खाली गेली. आत्या म्हणाली, "बघा, लागलं तिला." आई पाहुण्यांना आग्रह करत राहिली.

पुढच्याच आठवड्यात काकूने घर सोडलं. कारखान्याच्या मागे मालकिणीची एक रिकामी खोली होती, शेजारीच संडास, म्हणून तिला सोयीची. काकाने थोडे दिवस आदळआपट केली, मग मनधरणी केली, मग सोडून दिलं. रविवारी जातो, दारातल्या खुर्चीवर बसतो, ती त्याला चहा देते आणि आपलं काम करते. जड कापड आता तिला उचलत नाही. पडद्यांना मशीनवर वरच्या कड्या बसवण्याचं हलकं काम मालकिणीने तिला दिलंय.

आई कधी गेली नाही तिकडे. पण मागच्या थंडीत तिने एक स्वेटर विणला, राखाडी, पूर्ण बाह्यांचा. दोनदा उसवून परत विणला, कारण काकू आता किती बारीक झाली असेल याचा तिला अंदाज येईना. माझ्याकडे दिला. "माझं नाव नको घेऊस हवं तर," म्हणाली.

मी नाव घेतलं. काकूने मशीन थांबवली, स्वेटर उलटा करून टाके पाहिले, बोटाने ताणून पाहिले. मग शेजारच्या मशीनवरच्या मुलीला हाक मारली आणि तिच्या हातात दिला. "घे, सकाळी फार कुडकुडत येतेस." मुलीने तो तिथल्या तिथे चढवला. तिला ढगळ झाला.

"वहिनीला सांग, अगदी मापाचा झालाय," काकू मला म्हणाली आणि मशीन चालू केली.

मी तसंच सांगितलं. आई खूश झाली.